अंगी किती लागतं आणि उरलेलं कुठं जातं?

आज्जी भाकरी करत असताना कुणी गप्पा मारत बसलं की एखादी भाकरी हमखास करपायची. एकदा तशीच एक भाकरी चुलीत पडली आणि राखेखाली राहून गेली. सकाळी चूल साफ करताना तिची अख्खी चकती हाती आली. काळी कुळकुळीत, पिसासारखी हलकी, पण आकार शाबूत. थापताना उमटलेले बोटांचे ठसेसुद्धा तिच्यावर तसेच होते. राखेखाली हवा पोचली नव्हती, म्हणून ती जळून गेली नाही. तिच्यातलं पाणी आणि बाकीचे वायू निघून गेले आणि काळा सांगाडा तेवढा मागं राहिला.

तो सांगाडा म्हणजे कार्बन. शेतीच्या भाषेत कर्ब.

करपलेलं दूध काळं होतं, बुडाला लागलेला भात काळा होतो. मटणाचा तुकडा, केस, लाकूड, साखर, कापूस, काहीही जाळा, आधी काळंच पडतं. मीठ कितीही तापवा, ते काळं पडत नाही. जे कधीतरी जिवंत होतं किंवा जिवंत गोष्टीनं बनवलं होतं, त्याच्या आत हा काळा सांगाडा असतो. साठ किलोच्या माणसात तो अकरा किलोच्या आसपास भरतो. ही अकरा किलोची कमाई आपण फक्त खाऊन केलेली असते. हवेतून थेट कार्बन घेऊन अंगात मुरवण्याची सोय माणसाकडे नाही, वाघाकडे नाही, गांडुळाकडेही नाही.

ताटात वाढताना आज्जी म्हणायची, "खा, अंगी लागू दे." या लेखात मला त्याच वाक्याचा पाठपुरावा करायचा आहे. खाल्लेल्यातलं अंगी नेमकं किती लागतं, आणि जे लागत नाही ते जातं कुठं? ज्वारीचं एक ताट, म्हणजे शेतात उभं असलेलं धाट, हाताशी धरून बघू, कारण तेच मी सगळ्यात जवळून पाहिलंय. आमचं गाव मंगळवेढ्याकडचं. तिथल्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. काळ्या खोल जमिनीत, पावसाळा सरता सरता पेरायची, मुरलेल्या ओलीवर वाढवायची आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढायची, अशी ही ज्वारी.

ताट पुरुषभर उंच होतं. एवढं सगळं वजन आलं कुठून? गावात कुणालाही विचारा, "जमिनीतून" हेच उत्तर येईल, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. मोठमोठ्यांनी असंच मानलं होतं. सतराव्या शतकात बेल्जियमच्या भागातल्या यान वान हेल्मोंट या माणसानं कुंडीत २०० पौंड कोरडी माती घेऊन त्यात विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं त्याला नुसतं पाणी घातलं. झाडाचं वजन १६४ पौंडांनी वाढलं. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती अवघी दोन औंसांनी कमी भरली. म्हणजे झाड मातीतून आलेलं नाही, हे त्यानं सिद्ध केलं. मग ते पाण्यातून आलं असणार, असा निष्कर्ष त्यानं काढला आणि तिथं मात्र तो चुकला. झाडाभोवती हवा होती. ती तोलायचं कुणाला सुचणार?

वाळलेल्या ताटाच्या वजनापैकी साधारण ४५ टक्के कार्बन असतो आणि तो जवळपास सगळा हवेतून आलेला असतो. माती पाणी देते, नत्र देते, स्फुरद देते, पालाश देते, उभं राहायला आधार देते. तो कस खराच आहे. पण पिकाचा सांगाडा वाऱ्यावरून येतो. आणि हवेत कार्बन डायऑक्साइड असतो तरी किती? दहा हजार कण घेतले तर त्यांत चार, फार तर सव्वाचार. एवढ्या विरळ मालातून झाडाला घर बांधायचं असतं.

यातली ज्वारीची हिकमत मुद्दाम सांगतो, कारण पुढं तिचा उपयोग होणार आहे.

पानावर डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात, पर्णरंध्रं. त्यांतून हवा आत येते आणि त्याच वाटेनं पाणी बाहेर उडून जातं. उन्हाळी हवेत हा सौदा महागात पडतो. शिवाय कार्बन पकडणारं जे मुख्य एन्झाइम आहे, रुबिस्को, ते जरा गोंधळणारं आहे. उकाडा वाढला की ते कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजनच पकडून बसतं आणि केलेलं काम वाया जातं. भात, गहू, तूर, हरभरा आणि जवळपास सगळी झाडं या गोंधळासकट दिवस काढतात. ज्वारीनं मात्र वाड्यासारखी दोन दालनं केलीयत. बाहेरच्या ओसरीत एक वेगळं एन्झाइम बसलेलं असतं. ते ऑक्सिजनला कधीच भुलत नाही. येईल तो कार्बन ते चार कार्बनच्या एका आम्लात बांधतं आणि आत माजघरात पोचवतं. माजघर म्हणजे पानाच्या शिरांभोवतीच्या पेशी. तिथं ते आम्ल फोडून कार्बन डायऑक्साइडची दाटी केली जाते आणि त्या दाटीत बसलेल्या रुबिस्कोला चुकायला वावच उरत नाही. ही दोन दालनांची व्यवस्था ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक या दोघांनी १९६६ साली उसावर काम करताना उलगडली. ऊस, मका, बाजरी, नाचणी, वरई सगळे याच घराण्यातले. पालेभाजीतला माठ आणि राजगिरासुद्धा.

माजघरात साखर तयार होते आणि देठातून, ताटातून वर कणसाकडे निघते. डिसेंबर-जानेवारीत हुरडा खाल्ला असेल तर ही साखर तुम्ही दाण्यात शिरतानाच पकडलेली असते. म्हणून हुरडा गोड लागतो. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत तिच्या माळा ओवल्या जातात, पिष्ट होतं, दाणा टणक होतो आणि गोडी जाते. कार्बन तोच राहतो, फक्त कुलूपबंद होतो.

पण साखर कणसात पोचायच्या आधीच तिला पहिला गिऱ्हाईक भेटतो.

ज्वारीचं पान उलटं करून बघा. पिवळसर, खसखशीच्या दाण्याएवढे मावे दाटीनं बसलेले असतात. प्रत्येकाची सुईसारखी सोंड थेट पानाच्या रसवाहिनीत खुपसलेली असते. मावा ओढतो तो रस बहुतांशी साखरपाणीच असतो. अंग वाढवायला लागणारी प्रथिनांची सामग्री त्यात फारच थोडी. ती पुरेशी मिळवायची तर रस खूप ओढावा लागतो, आणि मग साखर इतकी जास्त होते की ती मागच्या मागं थेंबाथेंबानं टाकून द्यावी लागते. पानं चिकट, चकचकीत होतात. शेतकरी म्हणतो, "चिकटा पडलाय."

चिकटा म्हणजे एकाच्या अंगी न लागलेला कार्बन. तो वाया जातो का बघा. मुंग्या रांगा लावून तो चाटायला येतात, इतक्या आवडीनं की माव्याच्या शत्रूंना हुसकावूनही लावतात. जो थेंब मुंगीच्या हाती लागत नाही त्यावर काजळीसारखी काळी बुरशी धरते. तिचं पोट त्याच साखरेवर. आणि खुद्द माव्याला खायला लेडी बर्ड भुंगेरा आणि त्याच्या अळ्या टपलेल्या असतात, क्रायसोपाची अळी असते. एका पानावर, हाताच्या पंज्याएवढ्या जागेत, हवेतून आलेला कार्बन चार-पाच वेगवेगळ्या तोंडांत गेलेला असतो. मला शाळेत अन्नसाखळी शिकवली ती गवत, टोळ, बेडूक, साप, गरुड अशी एका रेषेत. रेष चुकीची नव्हती, पण त्यात चिकटा नव्हता, बुरशी नव्हती. आणि सगळ्यात मोठा बाण, श्वासाचा, तोही नव्हता.

त्या बाणाकडे येऊ. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे ४० ग्रॅम कार्बन असतो. भाकरी तोंडात गेली की लाळ, मग आतडं, पिष्टाच्या माळा सुट्या करतात. ग्लुकोज रक्तात उतरतं, पेशींत पोचतं. तिथं श्वासातून आलेल्या ऑक्सिजनशी त्याची गाठ पडते आणि ते टप्प्याटप्प्यानं फोडलं जातं. चुलीत लाकडाचं जे एका भडक्यात होतं तेच पेशीत शांतपणे, पायरीपायरीनं. श्वास म्हणजे मंद ज्वलन आहे, हे फ्रान्समध्ये लाव्हाझिएनं १७८०च्या दशकात गिनीपिगला बर्फानं वेढलेल्या भांड्यात ठेवून, किती बर्फ वितळतो ते मोजून दाखवलं होतं. या जळण्यातून ऊर्जा मिळते, तिच्यावर आपण चालतो, विचार करतो, अंग गरम ठेवतो. आणि कार्बन? तो ऑक्सिजनच्या दोन अणूंचा हात धरून रक्तातून फुप्फुसात येतो आणि नाकावाटे बाहेर पडतो. आपण आत घेतो त्या हवेत ०.०४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, बाहेर टाकतो त्यात सुमारे चार टक्के. शंभरपट.

मोठ्या माणसाचं वजन वर्षभर साधारण तेवढंच राहत असेल, तर त्यानं वर्षात खाल्लेला जवळपास सगळा कार्बन बाहेर गेलेला असतो. थोडा संडासावाटे, थोडा लघवीवाटे, गळलेले केस, नखं, कातडीचा भुगा यांत थोडा, आणि बाकीचा सगळा श्वासावाटे. रोजचा एक किलोच्या घरात कार्बन डायऑक्साइड.

वजन कमी होतं तेव्हा चरबी जाते कुठं, हा प्रश्न मी कितीतरी जणांना विचारलाय. घामातून, लघवीतून, "ऊर्जा बनून" अशी उत्तरं येतात. ऑस्ट्रेलियातल्या दोन अभ्यासकांनी २०१४ साली याचा चोख हिशोब मांडला. दहा किलो चरबी जळते तेव्हा ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन नाकातोंडावाटे निघून जाते आणि १.६ किलोचं पाणी होतं. पोट श्वासातून उतरतं. जोरजोरानं श्वास घेतल्यानं मात्र ते उतरत नाही, आधी ते पेशीत जळायला हवं, आणि त्यासाठी हालचाल करावी लागते नाहीतर खाणं कमी करावं लागतं.

इथं एक गैरसमज काढून टाकायला हवा, कारण तो शिकलेल्यांतही असतो: माणसं वाढली, श्वास वाढले, म्हणून हवेतला कार्बन वाढला. तसं नाही. तुमच्या श्वासातला कार्बन काही महिन्यांपूर्वी, फार तर वर्ष-दोन वर्षांपूर्वी हवेतच होता. ज्वारीनं तो उतरवून घेतला, तुम्ही परत केला. उसनवारी फिटली. हवेतलं प्रमाण दहा लाख भागांत २८० वरून ४२० च्या पुढं गेलं ते मुख्यतः कोळसा आणि खनिज तेलामुळं आणि काही प्रमाणात जंगलतोडीमुळं. कोळसा आणि तेल हेही जुन्या काळच्या झाडाझुडपांचं आणि समुद्रातल्या सूक्ष्म जिवांचंच उरलेलं आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी ते कुणी खाऊन संपवलं नाही, गाळाखाली गाडलं गेलं. ते आता आपण एकदम बाहेर काढून जाळतोय.

दाणा माणसानं नेला, आता कडबा. कडब्यात कार्बन दाण्याएवढाच ठासून भरलेला असतो, पण सेल्युलोजच्या रूपात. तेही ग्लुकोजच्याच कड्यांचं, फक्त कड्या अशा जोडलेल्या की आपल्या पोटातलं एकही एन्झाइम त्या सोडवू शकत नाही. गंमत म्हणजे गाईचंही नाही. गाय कडबा खाते, पण तो पचवतात तिच्या कोटीपोटातले, म्हणजे चार कप्प्यांच्या पोटातल्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले, सूक्ष्मजीव. मोठ्या गाईचं हे कोटीपोट शंभर लिटरच्याही पुढं असतं. कढत नाही पण कोमट, अंधारं, ऑक्सिजन नसलेलं. कुट्टी तिथं भिजते, गाय ती पुन्हा तोंडात आणून रवंथ करते, पुन्हा गिळते. जिवाणू सेल्युलोज फोडून खातात आणि त्यांच्या अंगी न लागलेलं बाहेर टाकतात. ते काय असतं? मुख्यतः व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल आणि त्याची दोन भावंडं. या आम्लांवर गाय जगते. ती कोटीपोटाच्या भिंतीतून रक्तात शोषली जातात. त्यांतल्या एकापासून यकृत साखर बनवतं, ती दुधात उतरते. ॲसेटिक आम्लापासून कासेत स्निग्धांश बनतो, तो सकाळी दुधावर साय होऊन येतो. साय खाताना आपण जिवाणूंनी टाकून दिलेलं आंबट पाणी खातोय असं कुणी म्हणेल का? पण कार्बनची वाट तीच आहे. पुढं ते जिवाणूही चौथ्या कप्प्यात वाहून जातात आणि तिथं गाय त्यांनाच पचवते. तिला मिळणाऱ्या प्रथिनांचा मोठा वाटा त्यांचाच असतो.

कोटीपोटात आणखी एक जमात राहते, मिथेन करणारी. चाऱ्यातल्या ऊर्जेचा साधारण सहा टक्के भाग ती वायू करून घालवते आणि गाय तो ढेकरेवाटे सोडते. बहुतेक सगळा तोंडावाटे, मागून नाही. हाही कार्बन ज्वारीनं हवेतून उतरवलेलाच, पण परत जाताना मिथेन होऊन जातो आणि दहाएक वर्षं तसाच राहून कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त उष्णता धरून ठेवतो. गाईच्या श्वासाचा हिशोब फिटतो, तिच्या ढेकरेचा लगेच फिटत नाही, हे मान्य करायला हवं.

तर अंगी किती लागतं? अमेरिकेतल्या रेमंड लिंडेमननं १९४२ साली एका तळ्याचा असा हिशोब मांडला आणि तेव्हापासून "एका पायरीवरून पुढच्या पायरीला दहा टक्के" हा आकडा पाठ्यपुस्तकांत बसला. तो अंदाज म्हणून ठीक आहे, नियम म्हणून नाही. अंग गरम ठेवायचं ज्यांना ओझं आहे त्या गाय, उंदीर, चिमणी, माणूस यांच्यात पचलेल्यापैकी दोन-तीन टक्केच मांस होतं, बाकी सगळं ऊब आणि श्वास. किड्यांना ऊब राखायची नसते, त्यांच्यात हे प्रमाण ३०-४० टक्क्यांपर्यंतही जातं. म्हणून मावा आठवड्याभरात शेत व्यापतो आणि वाघाला एकट्याला डोंगरच्या डोंगर लागतो.

समुद्रात हीच गोष्ट फार भराभर घडते. तिथं गवताचं काम करणारे जीव एकपेशीय. जगातलं जवळपास निम्मं प्रकाशसंश्लेषण ते करतात, पण ते साठत नाहीत, काही दिवसांतच कुणीतरी खाऊन टाकतं. आपल्या किनाऱ्यावरची तारली थेट हे सूक्ष्म शैवाल गाळून खाते, म्हणून ती एवढ्या थव्यानं येते आणि स्वस्त असते. सुरमई तारलीला खाते, म्हणून ती कमी आणि महाग. बाजारातल्या भावामागं पायऱ्यांचा हाही हिशोब असतो.

आतापर्यंत जिवंत गोष्टी खाणाऱ्यांचंच बोललो. पण जमिनीवर झाडांनी बनवलेल्यापैकी बहुतेक भाग, नव्वद टक्क्यांच्या आसपास, जिवंतपणी कुणी खातच नाही. पान गळतं, मूळ कुजतं, खोड पडतं आणि मग खाल्लं जातं. खरी मोठी पंगत ही आहे, आणि ती मातीत बसते. शेणाचा पो पडला की तासाभरात शेणकिडे हजर होतात. शेणखतात गांडुळं येतात. नांगर फिरला की मागं बगळे चालतात, उघडी पडलेली हुमणी आणि गांडुळं टिपत. मेलेल्या जनावराला पूर्वी गिधाडं होती. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकमुळं ती मरतात हे २००४ साली कळलं, २००६ साली भारतात त्या औषधाचा जनावरांसाठीचा वापर बंद झाला, पण तोवर पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त संपली होती. मेलेला बैल आजही खाल्ला जातोच, फक्त आता तो भटकी कुत्री, उंदीर आणि जंतू खातात. त्यानं रोगराई वाढते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

या मातीतल्या पंगतीत सगळ्यात अचाट जेवण वाळवीचं. आपल्याकडची वारूळं करणारी वाळवी पालापाचोळा आणि लाकूड खाते, पण ते तिला नीट पचत नाही. ती अर्धकच्चं टाकते, आणि त्या टाकलेल्याचे वारुळाच्या पोटात मधाच्या पोळ्यासारखे गोळे रचते. त्यावर एक ठरावीक बुरशी वाढवते. लाकडातला जो भाग भल्याभल्यांना फुटत नाही तो ही बुरशी फोडते, आणि आठवड्यांनी तयार झालेला तो गोळा वाळवी पुन्हा खाते. शेतीच ही, माणसाच्या कोट्यवधी वर्षं आधीची. पावसाळ्यात या बुरशीला कोंब येतात आणि ते माती फोडून वर उगवतात. कोकणात वारुळाजवळची अळंबी म्हणून आणि गोव्यात रोयणीवरची अळमी म्हणून लोक ज्याची वाट बघतात ती हीच. किंजळाचं गळलेलं पान, वाळवी, बुरशी आणि मग अळंब्याच्या रश्श्याची वाटी. (ओळख असलेल्या माणसाशिवाय रानातली अळंबी कुणी काढू नये. विषारी जाती फसवण्याइतक्या सारख्या दिसतात.)

या सगळ्यांनी खाऊनही जे थोडं उरतं, मातीच्या कणांना चिकटून बसतं, तो सेंद्रिय कर्ब. माती परीक्षणाच्या कागदावर असतो तो. जगभरच्या मातीत मिळून हवेपेक्षाही जास्त कार्बन आहे. पण आमची काळी जमीन काळी दिसते म्हणून कर्बानं भरलेली आहे असं समजू नका. तो काळेपणा बराचसा चिकणमातीचा आणि खनिजांचा. परीक्षणात कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी निघतो. उन्हाची, तापलेली जमीन, तिच्यात जिवाणूंची भूक मोठी, आणि आपण वरून घालतो ते कमी. त्यातून उसाचं पाचट पेटवलं तर गांडूळ, बुरशी, जिवाणू सगळ्यांना उपाशी ठेवून कार्बन एका संध्याकाळी परत आकाशात जातो. शेजारच्या शिवारात ते पेटलेलं दिसलं की जीव तुटतो.

आता ज्वारीची ती दोन दालनं पुन्हा आठवा. कार्बनचे दोन टिकाऊ प्रकार आहेत, एक नेहमीचा आणि एक किंचित जड. शंभरांत एखादाच जड. भातातलं रुबिस्को उघड्यावर बसलेलं असतं, म्हणून निवड करतं आणि जड अणू टाळतं. ज्वारीच्या माजघरात जे आत येतं ते वापरावंच लागतं, तिथं निवडीला वाव कमी. परिणाम असा की एक लाख कार्बन अणूंमागं भातात जड अणू सुमारे १०७५ असतात आणि ज्वारीत सुमारे १०९०. फरक पंधराचा, पण मोजणारं यंत्र तो सहज पकडतं. हा जणू ज्वारीच्या घराण्याचा शिक्का.

आणि हा शिक्का खाणाऱ्याच्या अंगावर उमटतो. डीनिरो आणि एपस्टाइन या दोघांनी १९७८ साली प्राण्यांना ठरावीक अन्न देऊन दाखवलं की प्राण्याच्या अंगातला कार्बन त्याच्या अन्नातल्या कार्बनशी जवळपास जुळतो, अगदी थोडा जड होतो इतकंच. त्याच सुमारास जुन्या हाडांवरून उत्तर अमेरिकेतल्या लोकांनी मका कधी खायला सुरुवात केली हे ओळखलं गेलं. केनियातल्या हत्तींच्या शेपटीच्या केसांवरून ते पावसात गवत खातात आणि कोरड्या दिवसांत झाडपाल्यावर वळतात, हे महिन्यामहिन्याच्या हिशोबानं वाचता आलं. मधात उसाची साखर मिसळली तर याच शिक्क्यानं ती पकडली जाते, कारण मधमाशा बहुतेक भाताच्या पद्धतीच्या फुलांवर जातात. मग भेसळ करणारे तांदळाचा पाक वापरू लागले. त्याचा शिक्का फुलांसारखाच, आणि ही चाचणी तिथं आंधळी ठरते.

सकाळी खाल्लेल्या भाकरीचा शिक्का दुपारपर्यंत श्वासात दिसू लागतो. केसात तो राहतो, कारण केस एकदा वाढला की बदलत नाही. दातांवरचं इनॅमल तर त्याहून हट्टी. लहानपणी बनतं आणि मरेपर्यंत तेच. १९५० आणि ६०च्या दशकांत उघड्यावर अणुबाँबच्या चाचण्या झाल्या तेव्हा हवेतला किरणोत्सारी कार्बन जवळपास दुप्पट झाला होता. तो गव्हात गेला, तांदळात गेला, दुधात गेला, आणि त्या वर्षांत वाढणाऱ्या जगभरच्या मुलांच्या दातांत जाऊन बसला. आजही एखाद्या दातावरून माणूस कुठल्या सालच्या आसपास जन्मला हे त्यावरून सांगता येतं.

माझी भाची दोन वर्षांपूर्वी गावाहून पुण्याला शिकायला गेली. तिची वेणी कमरेपर्यंत. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे मुळापासूनचे चोवीसेक सेंटिमीटर पुण्यातले, वसतिगृहाच्या पोळी-भाताचे. त्याखालचे सगळे गावाकडचे, मालदांडीचे. चहातली साखर उसाची आणि दूध मका-कडबा खाणाऱ्या जनावराचं, म्हणून पुण्यातला भागही पूर्ण भातासारखा निघणार नाही, पण दोहोंच्या मधली पायरी यंत्राला दिसेल. गेल्या दिवाळीत ती परत जाताना तिच्या आईनं पिशवीत चार किलो ज्वारीचं पीठ घातलं. "वसतिगृहात कोण भाकरी करणार, मामी?" ती मला नाही, माझ्या बायकोला म्हणाली. पण पीठ घेऊन गेली. रोज नाही, रविवारी मैत्रिणींना घेऊन थापते म्हणे, आणि बोलण्याच्या नादात एखादी करपतेही.